चटईक्षेत्राचा हिशेब



माझे अब्बा गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून जो माल उतरतो त्याची मोजदाद ठेवणं हे टॅली क्लार्कचं काम. चार उभ्या रेघा ओढायच्या, पाचवी त्यांच्यावर आडवी, म्हणजे पाच पोती झाली. ही सवय त्यांना घरीही सुटली नाही. दुधाच्या बाटल्या, रोज्यांचे दिवस, माझ्या शाळेची फी, सगळं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघारेघांनी लिहिलेलं असे. माझ्यात कवितेचं जे काही आलं असेल ते मांकडून आलं, पण मोजायची खोड अब्बांची. आजचं बोलणं त्या खोडीतून आलेलं आहे. विषय घराचा आहे, आणि सरकारी जागेचा.

अब्बा 1958 साली रत्नागिरीकडून मुंबईला आले. गावच्या जमातीची एक खोली डोंगरीला होती. तिथे वीसपंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपत. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्यानं उठायचं, वळकटी गुंडाळायची आणि बाहेर पडायचं. लग्न ठरलं तेव्हा अब्बांनी खूप खटपट करून मध्य मुंबईतल्या एका बीआयटी चाळीत खोली मिळवली. एक खोली, तिच्यातच मोरी, संडास व्हरांड्याच्या टोकाला. भाडं महापालिकेला भरायचं. त्याच्या पावत्या अब्बा बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. त्या खोलीत आम्ही सहा जण वाढलो. मी तिथेच मराठी शाळेत गेले, तिथेच बी. ए. झाले आणि पोटमाळ्यावर बसून पहिली कविता लिहिली. शेजारी घाटावरचे होते, कोकणातले होते, आमच्यासारखे मुसलमान होते, दोन घरं ख्रिश्चनांची. पाण्याच्या रांगेत सगळ्यांची भाषा एक होई आणि ती छापण्यासारखी नसे.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. 1896 साली मांडवीच्या बाजूला प्लेग सुरू झाला आणि मुंबई हादरली. लोक शहर सोडून पळाले, गिरण्या ओस पडल्या. मग 1898 साली कायदा करून हा ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्या पाडायच्या, हवा खेळेल असे रस्ते काढायचे, गरिबांसाठी चाळी बांधायच्या आणि शहराच्या उत्तरेला नवी उपनगरं वसवायची, असं काम त्याच्याकडे होतं. या कामासाठी पैसा कुठून आणायचा? सरकारच्या आणि पालिकेच्या मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या हाती देण्यात आल्या. त्यातून उत्पन्न काढा आणि शहर सुधारा, असा तो मामला होता. आज ज्याला आपण मोहम्मद अली रोड म्हणतो तो रस्ता, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याची आखीव वस्ती, हे सगळं ट्रस्टचं. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सुरुवातीच्या काही दशकांत ट्रस्टनं जेवढ्या खोल्या बांधल्या त्याहून अधिक पाडल्या. ज्यांचं छप्पर गेलं ते सगळे नव्या चाळीत आले नाहीत. ते शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीनं राहिले. शहर सुधारताना सगळ्यांत गरीब माणूस कुठे जातो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

म्हणजे सार्वजनिक जागा भांडवल म्हणून वापरून घरं उभी करायची, ही युक्ती आजकालची नव्हे. सव्वाशे वर्षं जुनी आहे. दर खेपेला हिशेब मात्र वेगळा लिहिला गेला.

दुसरी खेप 1920 सालची. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी चाळी म्हणतात त्या याच. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता आणि त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी मिळून 207 चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली 160 चौरस फुटांची. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटे आणि भाडंही कामगाराला झेपत नसे, त्यामुळे कित्येक खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत सरकारनं वरळीच्या काही चाळींचा तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घरात पहिल्यांदा गर्दी झाली ती कैद्यांची! पुढे या चाळी भरल्या आणि अशा भरल्या की एका खोलीत तीन पिढ्या नांदल्या.

इथे जरा दूर जाऊन येते. बीडीडीच्या चाळी उभ्या राहत होत्या त्याच सुमाराला युरोपात व्हिएन्ना शहराची पालिकाही कामगारांसाठी घरं बांधत होती. तिनंही कर बसवला, पण तो श्रीमंतांच्या घरांवर अधिक आणि गरिबांच्या घरांवर नावापुरता. 1923 ते 1934 या काळात तिनं साठ हजारांच्या वर घरं बांधली. त्यातली कार्ल मार्क्स होफ नावाची लांबच लांब इमारत 1930 साली पुरी झाली आणि आजही पालिकाच ती भाड्यानं देते. शहराच्या मालकीची दोन लाखांहून जास्त घरं आज तिथे आहेत. मी व्हिएन्ना पाहिलेलं नाही, आणि तिथलं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट, असलं मला काही म्हणायचं नाही. तिथे आणि इथे एकाच दशकात सुरुवात झाली, एवढंच ध्यानात राहावं. मी याकडे पुन्हा येईन.

आपल्याकडे पुढे काय झालं? 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली. भाडेकरू वाचला, हे खरंच. माझं घर त्यामुळेच टिकलं. पण भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना. खासगी मालकांनी हात वर केले. मग 1969 साली उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढलं, आणि पुढे हे सगळं 1977 मध्ये स्थापन झालेल्या म्हाडाकडे आलं. सरकारी आणि पालिकेच्या चाळींचीही तीच गत. आमच्या चाळीचा जिना टेकूवर उभा होता. पावसाळ्यात मां पलंग भिंतीपासून हातभर सरकवून ठेवी, कारण गिलावा कधी पडेल याचा नेम नसे.

तेव्हा नवा मंत्र आला. सरकारजवळ पैसा नाही, पण जमीन आहे. जमिनीवर किती बांधायचं ते सरकार ठरवतं. म्हणजे सरकारजवळ आकाशही आहे! ते विकून गरिबाला घर देता येईल.

या आकाशाच्या मापाला मराठीत फार सुरेख शब्द आहे: चटईक्षेत्र. इंग्रजीतली एफएसआय ही तीन अक्षरं कोरडी वाटतात, पण चटईक्षेत्र म्हटलं की मला आमची खोली दिसते. रात्री जेवणं झाली की मां जमीन पुसून घेई आणि चटया पसरी. चार चटया मावत. पाचवी पसरायची तर दाराशी, म्हणजे रात्री कुणाला उठायचं झालं तर त्याला ओलांडून जावं लागे. आमच्या घराचा चटईक्षेत्र निर्देशांक चार होता, असं म्हणायला हरकत नाही.

कायद्यातली चटई साधी आहे. समजा हजार चौरस मीटरचा भूखंड आहे आणि निर्देशांक चार दिला, तर त्यावर चार हजार चौरस मीटर बांधता येतं. त्यातले, समजा, दीड हजार जुन्या भाडेकरूंना फुकट घरं देण्यात गेले. उरलेले अडीच हजार बाजारभावानं विकायचे. त्या विक्रीतून सगळ्या बांधकामाचा खर्च निघाला पाहिजे आणि वर नफाही सुटला पाहिजे. भाव जितका चढा तितकं हे गणित सोपं. म्हणून वरळीत ते जुळतं आणि मानखुर्दला अडतं. गरिबाचं घर शेजारच्या श्रीमंताच्या घरातून निघतं. श्रीमंताचं घर विकलं गेलं नाही तर गरिबाचंही अर्धवट राहतं. मुंबईत पत्रे मारलेले, सळ्या गंजलेले जे सांगाडे उभे दिसतात, त्यांतल्या पुष्कळांमागे हे कारण असतं.

1995 साली निवडणुकीत चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याचं वचन दिलं गेलं. त्यातून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, एसआरए, निघालं. चाळीस लाखांचा आकडा आजही गाठलेला नाही. तरीही या योजनेतली एक गोष्ट मला मनापासून आवडते: घर नवरा-बायको दोघांच्या नावावर होतं. आमच्या मांच्या नावावर आयुष्यात फक्त रेशनकार्डातली एक ओळ होती. झोपडी जर सरकारी किंवा पालिकेच्या जमिनीवर असेल, तर बिल्डरनं त्या जमिनीच्या सरकारी दराच्या पाव हिस्सा रक्कम भरायची, असा नियम पुढे झाला. पाव हिस्सा. बाकीचा पाऊण हिस्सा म्हणजे गरिबाला घर देण्याची किंमत, असं धरायचं. ते पटतंही. पण त्या पाऊण हिश्शातला किती गरिबाच्या घरात गेला आणि किती दुसरीकडे, याची टॅली कोण ठेवतं? अब्बा असते तर त्यांनी जहाजाच्या कप्तानाला विचारलं असतं.

आता आमच्या चाळीचं सांगते. 2005 च्या सुमाराला पहिली सभा झाली, चाळीच्या चौकात, सतरंज्या घालून. एका बिल्डरची माणसं पुठ्ठ्याची प्रतिकृती घेऊन आली होती. स्पंजची हिरवी झाडं, निळ्या कागदाचा तलाव, काडेपेटीएवढ्या गाड्या. पुढे उंच, काचेची इमारत होती. मुलं तिच्याभोवती जमली आणि आपापला मजला निवडू लागली. तेव्हा एकानं हसून सांगितलं, "बाळांनो, तुमची मागची." मागची इमारत करड्या रंगाची होती आणि तिच्याभोवती झाडं चिकटवायची राहून गेली होती.

नियम असा होता की सत्तर टक्के भाडेकरूंची संमती हवी. मग सह्या गोळा करणं सुरू झालं. कमिटीतले दोन जण रोज संध्याकाळी दारोदार फिरत. अब्बा तेव्हा हयात नव्हते आणि पावती मांच्या नावावर झाली होती. मां सही करीना. तिला वाटे, आपण फसवले जातोय. माझा भाऊ तिची समजूत घाली, "मां, फुकट मोठं घर मिळतंय." एके दिवशी तिनं कमिटीवाल्या काकांना चहा दिला आणि विचारलं, "भाऊ, ही जागा कुणाची?" काका म्हणाले, "पालिकेची." "म्हणजे माझी नाही?" "नाही." "मग मी ती देतेय कशी? आणि माझी असेल, तर तो फुकट काय देतोय?" काका चहा पिऊन गेले. हा प्रश्न मी नंतर पुष्कळ शहाण्या लोकांना विचारला. समाधान होईल असं उत्तर मला एकाकडूनही मिळालं नाही.

शेवटी मांनी सही केली. जिन्याचा एक टप्पा कोसळला आणि वरच्या मजल्यावरच्या मावशींचा पाय मोडला, त्या आठवड्यात. आपण तत्त्वाचं बोलतो, पण माणूस सही करतो तो जिना पाहून. मी तिला अडवलं नाही. आजही वाटतं, नसतंच अडवायला हवं होतं. सामायिक संडासाच्या आठवणींवर हळव्या कविता लिहिणारे बहुतेक पुरुष असतात. रात्री दोन वाजता टमरेल घेऊन व्हरांडाभर चालत जाणारी मुलगी तसल्या कविता लिहीत नाही.

आम्ही 2010 मध्ये चाळ सोडली. मां 2014 साली संक्रमण शिबिरात गेली. ताबा 2017 साली मिळाला. भाऊ आता बाराव्या मजल्यावर राहतो. 300 चौरस फूट, घरात स्वतंत्र संडास, खिडकीतून वारा. मी तिथे गेले की पहिल्यांदा न्हाणीघराचं दार बंद करून उगाच दोन मिनिटं उभी राहते. हे सुख लहान नाही. जमीन अजून पालिकेचीच आहे, सोसायटीला ती भाडेपट्ट्यानं आहे. पुढच्या काचेच्या इमारतीचं फाटक वेगळं, आमचं वेगळं. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचा महिन्याचा खर्च जुन्या भाड्याच्या कित्येक पट आहे. एका दिवाळीत लिफ्ट दोन आठवडे बंद होती, कारण निम्म्या घरांची वर्गणी थकली होती. बांधून देण्याचं गणित जमलं, राहण्याचं गणित कुणी मांडलं नव्हतं.

आणि एक रेघ ओढायची राहिली. चाळीच्या जिन्याखाली एक बाई राहत असे. आमच्या जन्माच्या आधीपासून. ती चाळ झाडी, बाळंतिणींना न्हाऊमाखू घाली, मयत झाली की सगळ्यांत आधी तिला बोलावणं जाई. तिच्याजवळ पावती नव्हती. जिन्याखालच्या जागेला क्रमांक नसतो. यादीत तिचं नाव आलं नाही. आम्ही सगळ्यांनी हळहळ केली, काही पैसे जमवून दिले, आणि आपापल्या खोलीच्या क्षेत्रफळावरून भांडायला परत गेलो. तिची सही कुणालाच नको होती, त्यामुळे ती सत्तर टक्क्यांतही नव्हती आणि तिसांतही नव्हती.

आता वरळीचं. माझी कॉलेजातली मैत्रीण बीडीडी चाळीत वाढली. 2017 साली तिथल्या कामाचं भूमिपूजन झालं, 2021 मध्ये पुन्हा एक शुभारंभ झाला (आपल्याकडे एका कामाचे नारळ अनेक वेळा फुटतात) आणि 14 ऑगस्ट 2025 रोजी पहिल्या 556 कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या बदल्यात 500 चौरस फूट. मैत्रिणीकडे मी गेले तेव्हा चाळिशी पार केलेला तिचा भाऊ मला म्हणाला, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या खोलीत एकटा झोपलो. झोपच लागली नाही."

आमच्याकडे 300 आणि तिथे 500, हा फरक कशामुळे? मोक्याची जागा आणि चार निर्देशांक ही कारणं आहेतच. पण मोठं कारण मला असं दिसतं की तिथे जमीन सरकारची, बांधून घेणारी म्हाडाही सरकारचीच, आणि विक्रीच्या इमारतीतून जे येईल तेही म्हाडाकडेच येणार. बांधणारी कंपनी ठेकेदार आहे, जागेत भागीदार नाही. मध्ये कुणी तोंड घालायला नसलं की चटई लांब पसरता येते. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून साडेपंधरा हजार भाडेकरूंचं हे काम आहे. अजून पुष्कळ बाकी आहे आणि विक्रीचा भाग तर पुढेच आहे. तेव्हा आत्ताच टाळ्या वाजवणार नाही, पण दिशा मला बरी वाटते.

त्याच चाळींतल्या पोलिसांची गंमत ऐका. तिथे वर्षानुवर्षं राहिलेल्या पोलीस कुटुंबांना घर द्यायचं ठरलं, पण फुकट नाही. किंमत किती? 2022 साली आधी 50 लाख सांगितली. ओरड झाली, 25 लाख झाली. सरकार बदललं, 15 लाख झाली. एकाच वर्षात, एकाच घराची. म्हणजे सार्वजनिक जागेला ठरलेली किंमत नसते, मागणाऱ्याचा आवाज आणि देणाऱ्याची निकड यांवर ती ठरते. पोलिसांना स्वस्त मिळालं याचा मला आनंदच आहे. जिन्याखालच्या बाईला आवाज नव्हता, एवढंच मला त्यातून आठवलं.

या उलट गिरण्यांच्या जमिनी पाहा. 1991 च्या नियमात असं होतं की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश शहराला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला तृतीयांश मालकाला. 2001 साली त्यात बदल झाला. ही वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, असं ठरलं. गिरणीत मोकळी जागा ती किती? अंगण आणि चिमणीच्या बुडाशी थोडी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये बदललेला नियमच कायम राहिला. एका शब्दाच्या फरकानं शहराच्या हातून केवढी जमीन गेली! कवीला शब्दांचं मोल कळतं असं म्हणतात, पण ते आम्हांला त्या मानानं कमीच कळतं.

त्यातल्या काही गिरण्या तर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच होत्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल, सुमारे साडेसतरा एकर, 2005 साली 702 कोटींना एका बांधकाम कंपनीला विकली. तेव्हा आकडा ऐकून डोळे फिरले होते. सात वर्षांनी, 2012 मध्ये, त्या कंपनीनं ती जागा सुमारे 2700 कोटींना दुसऱ्या कंपनीला विकली. मधले दोन हजार कोटी कुणी कमावले? जमीन तीच होती. तिची किंमत वाढली ती शहर वाढलं म्हणून, रस्ते, गाड्या, माणसं आली म्हणून. वाढवलं आपण सगळ्यांनी, नेलं एकानं. त्याच 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. घरं 6925, अर्ज सुमारे दीड लाख. त्यातले बहुतेक अजून वाट पाहताहेत. कित्येकांचे अर्ज आता त्यांची मुलं सांभाळताहेत.

मैत्रिणीच्या नव्या घरातून परतताना बसमध्ये माझ्या मनात आलं ते सांगते. अब्बांना 1960 च्या आसपास जी खोली मिळाली ती त्यांनी विकत घेतली नव्हती. फुकटही मिळाली नव्हती. ती शहराची होती आणि शहरानं ती त्यांना भाड्यानं दिली होती. खिशात दमडी नसलेला माणूस काम शोधत येतो, त्याला चार भिंती लागतात आणि त्या विकत घ्यायची त्याची ऐपत नसते. त्याच्यासाठी ती व्यवस्था होती. तोकडी होती, घाणेरडी होती, पण होती. पुनर्विकासात आम्ही सगळे भाडेकरू मालक झालो. चांगलं झालं. पण पालिकेजवळची भाड्याची खोली नाहीशी झाली. तिच्या जागी नवी भाड्याची खोली कुणी बांधली नाही. विक्रीच्या इमारतीतली काही घरं शहरानं स्वतःकडे ठेवावीत आणि भाड्यानं द्यावीत, असं एकाही सभेत कुणी बोललं नाही. मीही नाही. मला तेव्हा फक्त आमच्या न्हाणीघराच्या खिडकीची काळजी होती.

सरकारनं एकदा प्रयत्न केला होता. 2008 साली एमएमआरडीएनं भाड्याच्या घरांची योजना काढली. बिल्डरला जादा चटईक्षेत्र द्यायचं, त्यानं बदल्यात छोटी घरं बांधून द्यायची आणि ती सरकारनं भाड्यानं द्यायची. घराचं माप? 160 चौरस फूट! जवळजवळ नव्वद वर्षांनी आपण पुन्हा बीडीडीच्या खोलीशीच आलो होतो. योजना काही वर्षांत बारगळली. तयार झालेल्या घरांपैकी पनवेलजवळच्या कोन गावातली घरं गिरणी कामगारांना सोडतीत विकली गेली. भाड्यानं द्यायची घरं शेवटी मालकीचीच झाली.

आता धारावीचं चाललं आहे. 2023 साली ते काम एका मोठ्या उद्योगसमूहाकडे गेलं. कंपनीत त्याचा हिस्सा 80 टक्के आणि राज्य सरकारचा 20. 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या तळमजल्यावरच्या रहिवाशांना तिथेच 350 चौरस फूट फुकट. नंतरच्यांना बाहेर. त्या बाहेरच्यांसाठी मुलुंड, भांडुप, कांजूरची मिठागरं, देवनारची कचराभूमी अशा आणखी सार्वजनिक जागा काढल्या जाताहेत. मिठागरांची जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, हे मुंबईकराला 2005 च्या जुलैनंतर वेगळं सांगायला नको. जमिनीच्या एका तुकड्यानं भागलं नाही म्हणून दुसरा, मग तिसरा. अब्बांच्या भाषेत सांगायचं तर गोदामातून माल उचलला जातोय, आवकेच्या बाजूला रेघच नाही. सार्वजनिक जमीन नवी तयार होत नाही. नगराला ती एकदाच खर्चता येते.

मी काही नगररचनाकार नाही. माझं शिक्षण मराठी घेऊन बी. ए. पण मला दोन मागण्या रास्त वाटतात. पहिली, सार्वजनिक जागेवर जिथे जिथे चटई पसरली जाते तिथे एक फलक लावावा. बांधकामावर मजूर किती, सुरक्षा टोपी घाला, असे फलक असतातच. त्याच्या शेजारी: जागा किती, तिचा सरकारी दर काय, शहरानं काय दिलं, शहराला काय मिळालं. चार ओळी पुरेत. दुसरी, विक्रीच्या घरांतली दहातली दोन का होईना, शहरानं हातची राखावीत आणि कधीही विकू नयेत. व्हिएन्नाचं मघाशी सांगितलं ते यासाठी. त्यांनी बांधलेलं ठेवलं. आपण बांधलेलं मोडलं आणि वाटून टाकलं.

गेल्या महिन्यात गावाहून एका मुलाचा फोन आला. आमच्या जमातीतलाच, अब्बांच्या चुलतभावाचा नातू. मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोचवायचं काम त्याला मुंबईत मिळालंय. गोवंडीला एका खोलीत दहा जण राहतात, पाळीपाळीनं झोपतात. मला म्हणाला, "फुफी, दादा सांगायचे, तुमची पालिकेची चाळ होती. स्वस्तात भाडं असायचं. तिथे एखादी खोली मिळेल का?"

मी त्याला म्हटलं, ती चाळ आता नाही, तिथे मोठी इमारत झालीय.

"मग त्या इमारतीत?" त्यानं विचारलं. "भाडं किती पडतं?"

मी भावाला विचारून आकडा सांगितला. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बरं फुफी, पाळीची वेळ झालीय," आणि फोन ठेवला.